आदोल्फ माबीय आणि मोरीजाचे लेखक : मिशनरी शिक्षण, मुद्रण आणि साहित्यनिर्मिती

१. प्रश्नाची मांडणी

पदव्युत्तर वर्गात अर्वाचीन मराठी वाङ्मयाचा इतिहास शिकवताना 'मिशनऱ्यांची वाङ्मयीन कामगिरी' हे प्रकरण हटकून येते. विद्यार्थ्यांच्या उत्तरांत त्याचे रूप बहुधा यादीचे असते : कॅरीचे व्याकरण १८०५, अमेरिकन मिशनचा छापखाना, 'ज्ञानोदय' १८४२, 'यमुनापर्यटन' १८५७. यादीच्या शेवटी दोहोंपैकी एक निष्कर्ष ठरलेला असतो. मिशनऱ्यांनी गद्याला वळण लावले म्हणून त्यांचे ऋण मान्य करायचे, अथवा त्यांचा हेतू धर्मप्रसाराचा होता म्हणून त्यांचे लेखन ललित वाङ्मयाच्या कक्षेबाहेर ठेवायचे. दोन्ही निष्कर्षांत एक प्रश्न सुटून जातो. मिशनच्या शाळेत लिहायला शिकलेला देशी लेखक नेमके काय शिकला, आणि शिकवणाऱ्या संस्थेचा त्याच्या लेखणीवरील अधिकार कोणत्या मार्गाने व किती काळ टिकला, हा तो प्रश्न होय.

मराठीपुरते पाहू गेल्यास या प्रश्नाचे उत्तर धूसर होते. कारण एकोणिसाव्या शतकात मराठी ग्रंथनिर्मितीमागे मिशनबरोबरच सरकारी शिक्षणखाते, दक्षिणा प्राइझ कमिटी, देशी छापखाने आणि शास्त्री-पंडितांची परंपरा अशा अनेक शक्ती एकाच वेळी कार्यरत होत्या. त्यांतून मिशनचा वाटा वेगळा काढून दाखवणे कठीण असते. म्हणून जेथे लिपी, शाळा, छापखाना आणि वृत्तपत्र ही सारी साधने जवळजवळ एकाच संस्थेच्या हाती होती, असे एखादे उदाहरण तपासणे उपयुक्त ठरते. दक्षिण आफ्रिकेतील लेसोथो या पर्वतीय देशातील मोरीजा हे गाव असे उदाहरण पुरवते. तेथील साधनसामग्री उभी करणारे आदोल्फ माबीय यांचे जीवन, त्यांच्या संस्थांतून घडलेली ख्रिस्ती लेखकांची पहिली पिढी आणि त्या पिढीतील सर्वश्रेष्ठ कादंबरीच्या वाट्याला आलेली प्रतीक्षा यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. अखेरीस मराठीतील परिस्थितीशी त्याची तुलना केली आहे.

२. पार्श्वभूमी : मोश्वेश्वे आणि पॅरिस मिशन

एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत दक्षिण आफ्रिकेच्या अंतर्भागात मोठी उलथापालथ झाली. झुलू राजा चाका याच्या राज्यविस्ताराच्या काळात आणि त्याच सुमाराच्या इतर संघर्षांत अनेक टोळ्या विस्थापित झाल्या. त्यांतील विखुरलेल्या लोकांना थाबा बोसिऊ या डोंगरी किल्ल्याच्या आश्रयाने एकत्र करून मोश्वेश्वे या मुत्सद्दी राजाने बासोथो राष्ट्राची उभारणी केली. या लोकांना 'बासोथो', त्यांतील एका व्यक्तीला 'मोसोथो', त्यांच्या भाषेला 'सेसोथो' आणि देशाला 'लेसोथो' म्हणतात.

१८३३ मध्ये पॅरिसच्या इव्हँजेलिकल मिशनचे यूजेन काझालिस, तोमा आर्बूसे आणि कॉन्स्तां गोसलां हे तिघे मोश्वेश्वेच्या इच्छेनुसार त्याच्या राज्यात आले. त्यांनी वसवलेल्या ठाण्याला बायबलातील मोरिया पर्वतावरून मोरीजा हे नाव मिळाले. राजाला या परकीयांत धर्मापेक्षा शेजारच्या गोऱ्या सत्तांशी व्यवहार करण्यासाठी लागणारे सल्लागार दिसत होते, हे इतिहासकारांनी पुष्कळदा दाखवून दिले आहे. मिशनऱ्यांना मात्र लोकांपर्यंत पोहोचण्यासाठी प्रथम भाषा हवी होती. सेसोथोला मौखिक परंपरा समृद्ध होती. वीरांची व सरदारांची स्तुतिकवने, म्हणजे 'दिथोको', कथा म्हणजे 'दित्सोमो', म्हणी आणि उखाणे यांचे भांडार लोकांच्या स्मरणात होते. लिपी मात्र नव्हती. ती मिशनऱ्यांनी रोमन अक्षरांत बसवली. तिचे काही संकेत आजही लेसोथोत टिकून आहेत. उदाहरणार्थ, 'ल' या अक्षरापुढे 'इ' किंवा 'उ' आल्यास त्याचा उच्चार 'द'सारखा होतो, तरी लेखन 'ल' असेच राहते. शेजारच्या दक्षिण आफ्रिकेने सेसोथोसाठी पुढे वेगळी लेखनपद्धती स्वीकारली. त्यामुळे एकच भाषा सीमेच्या दोन्ही बाजूंना दोन तऱ्हांनी लिहिली जाते. लिपी ज्याच्या हाती, त्याच्या निर्णयाची छाया भाषेवर किती दीर्घ काळ राहते, याचे हे साधे प्रमाण होय.

यूजेन काझालिस यांनी १८४१ मध्ये या भाषेवरील अभ्यासग्रंथ फ्रेंचमध्ये प्रसिद्ध केला. त्यात व्याकरणाबरोबर तेथील मौखिक काव्याचे नमुनेही होते. लोकवाङ्मयाविषयीचे कुतूहल या मिशनमध्ये प्रारंभापासून होते, ही गोष्ट पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवावी लागेल.

३. माबीय यांचे जीवन

आदोल्फ माबीय यांचा जन्म १८३६ मध्ये स्वित्झर्लंडच्या व्हो प्रांतात झाला. पॅरिसच्या मिशनगृहात त्यांचे प्रशिक्षण झाले. त्या वेळी लेसोथोहून परतलेले यूजेन काझालिस त्या संस्थेचे संचालक होते. काझालिस यांची कन्या आदेल हिच्याशी माबीय यांचा विवाह झाला. आदेल यांचा जन्म १८४० मधला. त्यांचे बालपण लेसोथोत गेले होते आणि सेसोथो ही त्यांना लहानपणापासून अवगत असलेली भाषा होती. १८६० मध्ये हे दांपत्य मोरीजाला आले, तेव्हा माबीय यांच्यासाठी नवा असलेला प्रदेश पत्नीसाठी माहेरचा होता. मिशनरी चरित्रांत पत्नीचा उल्लेख 'साहाय्यक' म्हणून येतो. येथे भाषेच्या बाबतीत अधिकार तिचा होता, याची नोंद करायला हवी.

आल्याबरोबर माबीय यांनी हातानेच चालवायचा एक लहानसा छापखाना उभा केला आणि १८६१ पासून छपाईला प्रारंभ केला. नोव्हेंबर १८६३ मध्ये त्यांनी 'लेसेदिन्याना ला लेसोथो' हे सेसोथो नियतकालिक सुरू केले. नावाचा अर्थ 'लेसोथोचा लहानसा प्रकाश'. आफ्रिकी भाषेतील आरंभीच्या वृत्तपत्रांत त्याची गणना होते. मराठी वाचकाला येथे 'ज्ञानोदय' आठवल्यावाचून राहणार नाही. दोन्ही नावांत उजेडाचे रूपक आहे आणि आपल्या येण्यापूर्वी येथे अंधार होता हे त्या रूपकामागचे गृहीतही समान आहे.

पुढची काही वर्षे युद्धाची होती. ऑरेंज फ्री स्टेटचे बोअर आणि बासोथो यांच्यात १८६५ मध्ये लढाई पेटली. १८६६ मध्ये बोअरांनी फ्रेंच मिशनऱ्यांना त्यांच्या ठाण्यांवरून घालवून दिले. वृत्तपत्र बंद पडले. मार्च १८६८ मध्ये मोश्वेश्वेच्या विनंतीवरून ब्रिटिशांनी देश आपल्या संरक्षणाखाली घेतला, आणि त्याच वर्षी माबीय मोरीजाला परतले. दोन वर्षांनी मोश्वेश्वे मरण पावला. राज्य वाचले, परंतु सुपीक जमिनीचा मोठा भाग कायमचा गेला होता.

परतल्यानंतर माबीय यांनी १८६८ मध्येच शिक्षक तयार करणारी शाळा काढली. ती पुढे 'डोंगरावरची शाळा' या अर्थाच्या सेसोथो नावाने ओळखली गेली. १८७१ मध्ये आदेल यांनी मुलींची शाळा सुरू केली. १८८० मध्ये धर्मप्रचारकांसाठी बायबल शाळा निघाली. मध्यंतरी छापखाना स्थिरावला, ग्रंथभांडार उभे राहिले, सेसोथो-इंग्रजी कोशाचे काम सुरू झाले. हा कोश पुढे एर्मान दीतेरलें यांनी वाढवला आणि दोघांच्या नावांनी तो ओळखला जातो. संपूर्ण बायबल सेसोथोत १८८१ मध्ये छापून निघाले. ते अनेकांच्या श्रमांचे फळ होते आणि त्यांत माबीय यांचा सहभाग महत्त्वाचा होता. १८९४ मध्ये माबीय यांचे निधन झाले.

व्यक्ती म्हणून माबीय कठोर होते. मुलामुलींचे दीक्षाविधी आणि लग्नात वधूपित्याला गुरे देण्याची चाल यांविरुद्ध त्यांची भूमिका तडजोडीची नव्हती. बासोथोंनी स्वतः इतर जमातींत धर्मप्रचारक म्हणून जावे, असा त्यांचा आग्रह होता, आणि त्यासाठी शिकलेली माणसे हवी होती. साहित्यिक तयार करणे हे त्यांचे उद्दिष्ट कधीच नव्हते. त्यांना शिक्षक हवे होते, प्रचारक हवे होते, मुद्रिते तपासणारे कारकून हवे होते. लेखक हे या व्यवस्थेचे अनपेक्षित फळ होय.

४. लेखक घडवणारी यंत्रणा

हे फळ कसे आले, हे समजण्यासाठी मोरीजातील संस्थांची परस्परांशी असलेली गुंफण पाहावी लागते. शाळा, छापखाना, ग्रंथभांडार आणि वृत्तपत्र या चारही गोष्टी एका गावात, एका मिशनच्या हाती होत्या. शाळेतून बाहेर पडलेला तरुण खेड्यात शिक्षक होई. त्याला वाचायला मोरीजाचीच पुस्तके मिळत. गावच्या घडामोडींविषयी तो मोरीजाच्याच पत्राला लिही. त्यात हुशार ठरल्यास तो पुन्हा मोरीजात कारकून, खिळे जुळवणारा वा मुद्रिते तपासणारा म्हणून परते. लेखन, संपादन, छपाई आणि वाचन हे चक्र या रीतीने पुरे होत असे.

या चक्रातील वृत्तपत्राचा वाटा सर्वांत मोठा मानला पाहिजे. शाळेत निबंध लिहिणारा विद्यार्थी शिक्षकासाठी लिहितो. वृत्तपत्राला पत्र पाठवणारा मात्र अनोळखी वाचकासाठी लिहितो, आणि त्याला उत्तरही अनोळखी वाचकाकडून येते. 'लेसेदिन्याना'ने म्हणी, चालीरीती, जुन्या लढायांच्या हकीकती आणि स्तुतिकवने यांना जागा दिली. मिशनरी मंडळींना यातून लोकांचे मन समजून घ्यायचे होते. लिहिणाऱ्या बासोथोंना मात्र आपले जुने ज्ञान नष्ट होण्यापूर्वी कागदावर उतरवायचे होते. हेतू वेगळे असले तरी स्तंभ एकच होता. ज्या चालीरीतींवर शाळेत आणि व्यासपीठावर टीका होत होती, त्यांचीच तपशीलवार नोंद त्याच मिशनच्या छापखान्यातून बाहेर पडत होती, हा विरोधाभास या साहित्याच्या मुळाशी आहे.

आझारिएले सेकेसे (१८४९–१९३०) हे या टप्प्याचे प्रातिनिधिक लेखक होत. बासोथोंच्या रूढी आणि म्हणी यांचा त्यांनी केलेला संग्रह १८९३ मध्ये मोरीजाहून निघाला. पक्ष्यांची सभा भरवून सरदारांच्या न्यायदानावर उपरोध करणारी त्यांची रचनाही प्रसिद्ध आहे. संग्राहकाची वृत्ती आणि उपरोधकाची दृष्टी एकाच लेखकात आढळावी, हे लक्षणीय आहे. लोकपरंपरा त्यांच्या लेखी केवळ जतन करण्याची वस्तू नव्हती. वर्तमानावर बोलण्याचे ते साधन होते.

शब्दांची निवड, वाक्याची ठेवण आणि कथनाचा साचा या बाबतीत सर्वांत खोल संस्कार दोन ग्रंथांचा होता. एक बायबल. दुसरा बनियनचा 'पिल्ग्रिम्स प्रोग्रेस'. त्याच्या सेसोथो रूपांतरात माबीय यांचा हात होता. एक माणूस पापाने भरलेले गाव सोडतो, संकटे ओलांडतो आणि इष्ट स्थळी पोहोचतो, हा साचा मोरीजाच्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या परिचयाचा होता. तो साचा पहिल्या कादंबरीत कसा उतरला, हे आता पाहू.

५. पहिली पिढी

तोमास मोफोलो यांचा जन्म डिसेंबर १८७६ मधला. त्यांचे वडील ख्रिस्ती होते. खेड्यातील शाळेत त्यांना एव्हेरिट सेगोएते हे शिक्षक लाभले. हेही पुढे लेखक झाले. माबीय वारले त्याच साली, १८९४ मध्ये, मोफोलो मोरीजाला आले आणि आल्फ्रेड काझालिस या मिशनऱ्याच्या घरी काम करू लागले. बायबल शाळा आणि शिक्षक प्रशिक्षण शाळा या दोन्ही त्यांनी पूर्ण केल्या. मधली काही वर्षे सुतारकी शिकण्यात आणि शिक्षकी करण्यात गेल्यावर ते मोरीजाच्या छापखान्यात व ग्रंथभांडारात परतले. मुद्रिते तपासणे आणि लेखनिकाचे काम पाहणे हा त्यांचा व्यवसाय होता. माबीय यांनी उभारलेल्या चक्राचा प्रत्येक आरा मोफोलोंच्या आयुष्यातून फिरलेला दिसतो, जरी माबीय यांच्या हाताखाली ते प्रत्यक्ष शिकले नाहीत.

'मोएती वा बोचाबेला', म्हणजे 'पूर्वेचा प्रवासी', ही त्यांची कादंबरी १९०६ मध्ये 'लेसेदिन्याना'त क्रमशः आणि १९०७ मध्ये पुस्तकरूपाने आली. सेसोथोतील ही पहिली कादंबरी. नायक फेकिसी आपल्या गावातील दारूबाजी, मारहाण आणि क्रौर्य यांना विटून देवाच्या शोधात पूर्वेकडे निघतो. समुद्रकिनारी त्याला गोरी माणसे भेटतात, त्यांच्याकडून त्याला धर्माची दीक्षा मिळते आणि वेदीपाशीच त्याचा अंत होतो. साचा यात्रेकरूचा आहे, हे उघड आहे. परंतु फेकिसीचा शोध मिशनरी येण्यापूर्वी सुरू होतो. देवाविषयीची त्याची ओढ त्याच्या स्वतःच्या समाजातील जुन्या कथांतून आणि गुरांशी, निसर्गाशी असलेल्या नात्यातून जन्मते. गुरांना उद्देशून असलेली स्तुतिकवनेही कादंबरीत येतात. आपले पूर्वज केवळ अंधारात होते, हे गृहीत मोफोलोंनी उघडपणे नाकारले नाही. कथानकाच्या रचनेतून मात्र ते सैल केले.

या पुस्तकाच्या स्वागतानंतर चार-पाच वर्षांत मोरीजाहून पुस्तकांची एक मालिकाच बाहेर पडली. मोफोलोंची 'पित्सेंग' १९१० मध्ये आली. तिचा विषय प्रेम आणि विवाह हा असून बोधाचा सूर अधिक ठळक आहे. तरीही नव्या ख्रिस्ती तरुणांचे वर्तन जुन्या रीतीपेक्षा सरस आहे काय, अशी शंका ती कादंबरी उपस्थित करते. सेगोएते यांची 'मोनोनो के मोहोली, के मोउवाने' ही कादंबरी त्याच वर्षीची. संपत्ती धुके आहे, वाफ आहे, असा नावाचा आशय. केप वसाहतीत भटकलेल्या आणि पश्चात्तापाने परतलेल्या माणसाची ती कथा असून तीत लेखकाच्या स्वतःच्या भटकंतीचा अनुभव मिसळला आहे. झाकेआ मांगोआएला यांनी श्वापदांच्या व शिकारीच्या कथा १९१२ मध्ये प्रसिद्ध केल्या. १९२१ मधील त्यांचा सरदारांच्या स्तुतिकवनांचा संग्रह सेसोथो काव्याच्या अभ्यासाचा पाया मानला जातो. एदुआर्द मोत्सामाई यांनी दुष्काळ आणि विस्थापनाच्या काळातील नरभक्षकांच्या हकीकती लिहिल्या.

या लेखकांना प्रोत्साहन देणाऱ्यांत माबीय यांच्या नंतरच्या पिढीचे एदुआर झाकोते हे प्रमुख होते. १८५८ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेले आणि १८८४ पासून लेसोथोत असलेले झाकोते उत्तम भाषाशास्त्रज्ञ होते. बासोथोंच्या लोककथांचा संग्रह मूळ सेसोथो संहिता आणि भाषांतर यांसह त्यांनी १९०८ मध्ये प्रसिद्ध केला. मोरीजाच्या धर्मशास्त्र शाळेचे ते प्रमुख होते. डिसेंबर १९२० मध्ये विषप्रयोगाने त्यांचा मृत्यू झाला. त्या प्रकरणात कोणावरही गुन्हा सिद्ध झाला नाही.

या नामावलीत एकाही स्त्रीचे नाव नाही, हे अभ्यासकाने नजरेआड करू नये. मुलींची शाळा १८७१ पासून होती. पण तिच्यातून बाहेर पडणाऱ्या मुलीची वाट घर आणि फार तर प्राथमिक शाळा येथपर्यंतच जाई. छापखाना, ग्रंथभांडार आणि संपादकीय कचेरी या ठिकाणी पोहोचणारी वाट तिच्यासाठी नव्हती. लिहायला शिकणे आणि लेखक होणे यांत किती अंतर असते, हे या एका तपशिलातून कळते.

६. 'चाका' : शिकवणारा हात आणि रोखणारा हात

या पिढीची सर्वांत मोठी निर्मिती म्हणजे मोफोलो यांची 'चाका'. सामग्री गोळा करण्यासाठी त्यांनी नाताळ प्रांतात प्रवास केला. १९१० च्या सुमारास हस्तलिखित मिशनच्या हाती होते. पुस्तक प्रसिद्ध झाले १९२५ मध्ये. मधली पंधरा वर्षे हा आपल्या विवेचनाचा मध्यबिंदू आहे.

कादंबरीचा नायक झुलू राजा चाका. बापाने अव्हेरलेला, भावंडांनी छळलेला हा मुलगा रानात एकाकी असताना त्याला इसानुसी नावाचा मांत्रिक भेटतो. इसानुसी त्याला राज्य देऊ करतो. त्या प्रत्येक देण्याची किंमत रक्तात मोजायची असते. अखेरच्या मोठ्या सौद्यात चाकाला आपली वाग्दत्त वधू नोलिवे हिचा बळी द्यावा लागतो, आणि तो तो देतो. यापुढे त्याच्यात माणूस उरत नाही. शेवटी त्याचेच भाऊ त्याला मारतात.

या कथेची नैतिक घडण पूर्णतः ख्रिस्ती आहे. मोह, निवड, पाप आणि विनाश असा तिचा क्रम आहे. तरी मिशनमध्ये तिच्याविषयी मतभेद झाले. मांत्रिक, औषधी, शकुन आणि विधी यांचे वर्णन इतके सजीव होते की वाचक त्या श्रद्धांकडे परत ओढला जाईल, अशी भीती काहींना वाटली. मिशनमधील इतर काहींना ती कृती असामान्य वाटत होती. निर्णय लांबत गेला. मोफोलो १९१० मध्येच मोरीजा सोडून गेले आणि निरनिराळ्या व्यवसायांत रमले. १९४८ मध्ये त्यांचे निधन झाले. 'चाका'नंतर त्यांची एकही कादंबरी प्रसिद्ध झाली नाही.

येथे मिशनला केवळ दोषी ठरवून थांबणे सोपे आहे, पण ते अपुरे ठरेल. 'चाका'मधील जे भाग मिशनऱ्यांना धोक्याचे वाटले, ते लिहिण्याची क्षमता मोफोलोंना मोरीजातच मिळाली होती. मोहाच्या कथेचे शिस्तबद्ध कथानक त्यांना बायबलने आणि बनियनने दिले. लोकश्रद्धांचा तपशील कागदावर मांडण्याची सवय 'लेसेदिन्याना'च्या स्तंभांनी लावली. ज्या दोन प्रवाहांना संस्थेने आजवर वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवले होते, म्हणजे एकीकडे उपदेशपर कथा आणि दुसरीकडे लोकपरंपरेची नोंद, ते मोफोलोंनी एकत्र आणले. चालीरीतींचा संग्रह निरुपद्रवी होता, कारण त्यात वाचकाचे मन गुंतत नव्हते. कादंबरीत ते गुंतते. संग्राहकाच्या हातातील मांत्रिक ही नोंद असते. कादंबरीकाराच्या हातातील इसानुसी हे पात्र असते. मिशनऱ्यांची भीती वाङ्मयीन दृष्ट्या अडाणीपणाची नव्हती. कल्पित वाङ्मयाची शक्ती त्यांनी ओळखली होती, आणि म्हणूनच त्यांचा हात थांबला.

आणि त्या हाताला दुसरा पर्याय नव्हता. सेसोथो पुस्तक छापून ते लेसोथोच्या खेड्यापाड्यांत पोहोचवू शकेल असा दुसरा समर्थ छापखाना त्या काळी लेखकाला जवळपास उपलब्ध नव्हता. लेखकाला नकार देणारी संस्था हीच एकमेव प्रकाशनसंस्था असली, की नकार आणि मौन यांत फरक राहत नाही.

पुस्तक निघाल्यानंतरची कथा निराळी आहे. १९३१ मध्ये इंग्रजी आणि १९४० मध्ये फ्रेंच भाषांतर आले. फ्रेंच भाषांतरकार व्हिक्टर एलेनबर्जे हे त्याच मिशनचे होते. त्या फ्रेंच रूपातून 'चाका' पश्चिम आफ्रिकेतील कवींपर्यंत पोहोचली, आणि सेनेगलचे कवी लेओपोल सेदार सेंघोर यांनी याच नायकावर नाट्यकाव्य लिहिले. विसाव्या शतकातील शंभर श्रेष्ठ आफ्रिकी ग्रंथांची जी यादी २००२ मध्ये जाहीर झाली, तिच्या पहिल्या बारांत 'चाका'चा समावेश होता. ज्या मिशनने ती रोखली, त्याच मिशनच्या माणसाने ती जगापुढे नेली.

७. मराठीच्या संदर्भात

आता मूळ प्रश्नाकडे वळू. मराठीतील परिस्थितीशी मोरीजाचे साम्य वरवरचे नाही. बनियनच्या ग्रंथाचे हरि केशवजी यांनी केलेले 'यात्रिकक्रमण' हे मराठी रूपांतर १८४१ मधले. 'ज्ञानोदय' अहमदनगरहून १८४२ मध्ये निघू लागले. बाबा पदमनजी यांचे 'यमुनापर्यटन' १८५७ मधले. मिशनच्या शाळांत शिकलेल्या लेखकाने लिहिलेली भाषेतील पहिली कादंबरी, आणि तिच्या नावातच प्रवास, ही दोन्ही वैशिष्ट्ये 'मोएती वा बोचाबेला'तही आढळतात. यमुना प्रवासात विधवांची दुःखे पाहते, स्वतः विधवा होते आणि शेवटी ख्रिस्ती होऊन पुनर्विवाह करते. फेकिसीचा प्रवास एकट्या आत्म्याचा आहे. यमुनेचा प्रवास समाजाच्या पाहणीचा आहे. हा फरक पदमनजी यांच्या भोवतालच्या वादांतून आला. विधवाविवाहाचा प्रश्न त्या काळी मिशनच्या आवारापुरता मर्यादित नव्हता; तो सार्वजनिक चर्चेचा विषय होता.

फरकाचे खरे कारण मात्र मुद्रणाच्या मालकीत शोधावे लागते. मराठीला लिपी आणि लिखित साहित्य यांची शतकांची परंपरा होती. गणपत कृष्णाजी यांनी आपल्या छापखान्यातून पंचांग १८३१ मध्ये काढले, तर बाळशास्त्री जांभेकर यांचे 'दर्पण' १८३२ मध्ये सुरू झाले. म्हणजे 'ज्ञानोदय' निघण्यापूर्वीच मिशनबाहेर छापखाना, संपादक आणि वाचक अस्तित्वात होते. 'यमुनापर्यटन'नंतर अवघ्या चार वर्षांनी, १८६१ मध्ये, लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' आली, आणि १८६८ मध्ये नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा'. मराठी कादंबरी मिशनच्या कक्षेतून फार लवकर बाहेर पडली. कोणत्याही एका संस्थेला मराठी कादंबरीकाराची पंधरा वर्षे थांबवून ठेवता आली नसती.

या स्वातंत्र्याची किंमतही होती. मोरीजात ख्रिस्ती लेखकाचे लेखन हेच सेसोथोचे राष्ट्रीय साहित्य ठरले. सेगोएते वा मोफोलो यांना वगळून सेसोथो वाङ्मयाचा इतिहास लिहिताच येत नाही. मराठीत मात्र पर्यायी केंद्रे प्रबळ झाल्यामुळे ख्रिस्ती लेखन हळूहळू 'मराठी ख्रिस्ती वाङ्मय' या स्वतंत्र, आणि बऱ्याचदा दुर्लक्षित, प्रकरणात जाऊन बसले. नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक यांसारखी नावे त्या भिंतीपलीकडे पोहोचली. 'स्मृतिचित्रे' ही सर्वांची झाली. परंतु बहुतेकांच्या वाट्याला यादीतील एक ओळ आली. एका ठिकाणी मक्तेदारीमुळे लेखक केंद्रस्थानी आला आणि त्याची कृती अडवली गेली. दुसऱ्या ठिकाणी मक्तेदारी नसल्यामुळे कृती अडवली गेली नाही, पण लेखक कडेला राहिला.

८. समारोप

माबीय यांचे जीवन शिक्षकाच्या मर्यादेचे आणि सामर्थ्याचे एकाच वेळी दर्शन घडवते. त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांना कशासाठी लिहावे हे शिकवले. त्यांच्या संस्थांत वाढलेली पिढी मात्र कसे लिहावे एवढेच घेऊन पुढे गेली, आणि कशासाठी हे तिने स्वतः ठरवले. शिक्षणाची साधने दुसऱ्याच्या हाती दिल्यावर त्यांच्या उपयोगावर देणाऱ्याचा अधिकार राहत नाही. छपाईची साधने आपल्याच हाती ठेवल्यावर मात्र तो अधिकार दीर्घ काळ राहू शकतो. मोरीजाच्या इतिहासातील ताण या दोन विधानांच्या मधोमध आहे.

अव्वल इंग्रजी काळातील मराठी ग्रंथांचा अभ्यास करणाऱ्याने यातून एक साधी शिस्त घ्यावी. मिशनरी हेतू चांगला की वाईट, या निवाड्यापाशी अडखळण्यापूर्वी प्रत्येक ग्रंथासंबंधी तीन गोष्टी विचाराव्यात : लेखक लिहायला कोठे शिकला, त्याचे पुस्तक कोणी छापले, आणि त्या छापखान्याने नकार दिला असता तर त्याला दुसरे दार होते काय. 'यमुनापर्यटन'च्या बाबतीत तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आहे. 'चाका'च्या बाबतीत ते नकारार्थी होते, आणि म्हणून एक थोर कादंबरी पंधरा वर्षे वाचकाविना राहिली.